साडेपाच इंचांचा स्ट्रोक

दाजी,

काल तुमच्या सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी गेले, माणसं पांगली, अक्का आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. मी अजून शिरूरलाच आहे. आठ दिवस ऐकतोय, किसन फार गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे बोलणाऱ्यांनी तुम्हाला इंजनावर भांडताना पाहिलेलं नाही. तुम्ही गरीब बिरीब काही नव्हता. तुम्ही हट्टी होता, दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडायचा, आणि हरायला लागलात की बिडी पेटवून वेळ काढायचा. मला तोच माणूस हवाय. गरीब स्वभावाचा किसन या लोकांनी ठेवून घ्यावा.

मला मशीनवर तुम्ही घातलंत, हे आधी लिहितो, कारण पुढं जे लिहायचंय त्यात त्याला जागा राहणार नाही. मॅट्रिकनंतर आमच्या वडिलांनी मला कामाला धाडायचं ठरवलं होतं. तुम्ही दौंडला आमच्या ओट्यावर बसून म्हणालात, "मामा, ह्याला आयटीआयला घाला. मी इंजन हातानं शिकलो, ह्यो डोक्यानं शिकंल." फॉर्म आणायला तुम्ही स्वतः गेलात. पुढं मला रेल्वेत फिटरची नोकरी लागली तेव्हा आख्ख्या वस्तीत पेढे तुम्ही वाटलेत, जणू नोकरी तुमचीच.

आणि मी शिकून आलो ते थेट तुमच्याशीच भांडायला.

शिरूरला स्टँडच्या मागं तुमची पत्र्याची शेड होती. तिथं मी पहिल्यांदा तुम्हाला म्हणालो की लांब स्ट्रोकच्या इंजनात जास्त जोर असतो हे खरं नाही. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात.

"नट घट्ट बसला की आपन पान्याला पाइप लावतो का न्हाई?"

"लावतो."

"मग सुटतो का न्हाई?"

"सुटतो."

"मग झालं तर. पिस्टन जेवढा लांब खालीवर जातो तेवढा क्रँकचा हात लांब. हात लांब म्हंजी जोर जास्त. तुज्या पुस्तकात काय येगळं लिवलंय?"

मी म्हणालो, "दाजी, पान्याला पाइप लावला तरी जोर लावणारा हात तुमचाच असतो. इथं तो हातच बदलतो. दोन इंजनांचं पोट सारखं धरा. म्हणजे सिलिंडरमधली पिस्टनच्या धावेची जागा दोघांत तेवढीच. आता एकाचा स्ट्रोक लांब केला, तर पोट तेवढंच ठेवायला पिस्टन बारीक करावा लागणार. पिस्टन बारीक, म्हणजे स्फोटाचा दाब पडायला जागा कमी. पाना लांब झाला, पण हात दुबळा झाला. एका फेऱ्यात दोघांचा जोर जवळजवळ सारखाच."

तुम्ही बिडी पेटवलीत.

"मग ताकद येती कुठनं?"

"फेऱ्यांतून. मिनिटाला जो जास्त फेरे मारील त्याची हॉर्सपॉवर जास्त. आखूड स्ट्रोकचं इंजन जास्त पळू शकतं."

"का पळू शकतं?"

"पिस्टनला जायचं अंतर कमी असतं म्हणून."

तुम्ही थोडा वेळ धुराकडं बघत बसलात आणि म्हणालात, "म्हंजी लांब स्ट्रोकच्या पिस्टनला लांब जायाचं, तितं थांबायचं, आन् मागं फिरायचं. दर फेऱ्याला. त्याला पळवलं तर त्याचे हाल."

मी "हो हो, तेच" म्हणून पुढं गेलो. मला वाद जिंकल्याचा आनंद झाला होता. मी पुस्तकात चार पानं वाचून जे पाठ केलं होतं, ते तुम्ही एका बिडीत समजून घेतलं होतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर नदीकाठच्या त्या गावच्या सोसायटीनं पाणी उचलायला दुसरं इंजन आणलं. पहिलं तुम्हीच बसवलेलं, तुम्हीच सांभाळलेलं. साडेचार इंच बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, साडेपाच इंच स्ट्रोक, दोन्ही बाजूंना भली मोठी चाकं, मिनिटाला साडेसहाशे फेरे. त्याचा आवाज मला अजून आठवतो, रमतगमत चालणारा. नवं इंजन पाच इंच बोअरचं आणि साडेचार इंच स्ट्रोकचं, बुटकं, मिनिटाला पंधराशे फेरे मारणारं. जुनं सहा हॉर्सपॉवरचं, नवं बाराचं.

त्या दिवशी मी सुट्टीवर होतो आणि तुमच्यासोबत तिथं आलो होतो. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, दोन्ही इंजनांच्या मध्ये उभे राहून विचारत होते की नवं इंजन दिसायला लहान असून दुप्पट ताकद कशी देतं. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सांगायच्या आत मी पुढं झालो. इंजनघराच्या भिंतीवर खडूनं दोन्ही सिलिंडरांचं माप काढून दाखवलं. पोट दोघांचं सारखंच, हे गणित करून दाखवलं. मग म्हणालो, "आबा, फरक फक्त फेऱ्यांचा आहे."

आबांनी मान डोलावली. "शिकलेलं पोरगं हाय," असं म्हणाले. मी फुगलो. फरक फक्त फेऱ्यांचा आहे हे बरोबर होतं. पण जुन्याला तेवढे फेरे का झेपणार नाहीत, ते मी सांगितलं नाही. वेळ होता. खडू हातात होता. कुणी विचारलं नाही, आणि मला शाबासकी मिळून गेली होती.

पुढचं मला तुम्ही दवाखान्यात सांगितलंत, तेही मी खोदखोदून विचारल्यावर. पंधरवड्यानं आबांनी तुम्हाला बोलावलं.

"किसन्या, जुन्या इंजनाचं फेरं वाढव."

"न्हाई वाढवता येनार, आबा."

"का न्हाई? तुजाच मेव्हना सांगून गेला ना, दोन्ही सारखीच हायती म्हनून?"

"पोट सारखं हाय. स्ट्रोक सारखा न्हाई. ह्याचा पिस्टन जड हाय आन् लांब जातो. साडेसहाशेला ते जलमभर चालंल. हजाराच्या म्होरं नेलं तर रॉड तुटंल."

"तू रेल्वेच्या मानसापरीस जास्त शिकला का?"

तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "मी पाना खाली ठेवला आन् घरी आलो." मग आबांच्या पुतण्यानं इंजनाची पुली बदलली, फेरे आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग आवळली आणि इंजन पळवलं. दोन दिवस पाणी जोरात आलं. दोन दिवस त्या गावात लोक तुम्हाला हसले. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नव्या इंजनाचं तेल बदलायला गेला होता. जुन्याचा आवाज ऐकून तुम्हाला कळलं. तुम्ही पुतण्याला ओरडून बाहेर काढलंत आणि डिझेल बंद करायला इंजनाकडं धावलात. ते बंद करताकरताच पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटला आणि बिडाचं कवच फोडून बाहेर आला. बिडाचा एक तुकडा तुमच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं गेली.

मी दवाखान्यात आलो तेव्हा तुम्ही पहिलं काय बोललात? "डिझेल बंद झालं व्हतं रं. थोडं आधी झालं असतं तर रॉड वाचला असता." हाताचं नाव नाही. मला तेव्हा तुमचा राग आला होता. अजून येतो. ज्या इंजनाला हात लावायला तुम्ही नकार दिला होता, त्याच्याकडं धावायचं काय कारण होतं? पुतण्या बाहेर पडला होता. तुम्हीही पडायचं होतं.

आता त्या बैठकीचं. आपण दोघं तीन वर्षं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. आज मी एकटाच बोलतो.

सोसायटीच्या ऑफिसात पंच बसले होते. इंजन कुणाच्या चुकीनं फुटलं ते ठरवायचं होतं. पुतण्या म्हणत होता, किसन्यानं नट ढिले ठेवले होते. आबांनी मला दौंडहून मुद्दाम बोलावून घेतलं, रेल्वेचा जाणकार म्हणून. तुम्ही दारात उभे होता, हाताला पांढरं बँडेज. मी आलो तेव्हा आबा स्वतः उठले.

"या, मधुकरराव. बसा."

दाजी, त्या ऑफिसात आपल्या समाजातलं कुणी कधी खुर्चीवर बसलेलं नव्हतं. मला खुर्ची दिली. चहा आला तो सगळ्यांच्या कपांसारख्याच कपात आला. मधुकरराव. माझ्या नावाला राव लावलेलं मी रेल्वेतही ऐकलं नव्हतं. मी चहा प्यालो आणि मला त्या खुर्चीवरून उठावंसं वाटेना. हे असंच घडलं, यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडं नाही. कुणी मला धमकावलं नाही. कुणी काही देऊ केलं नाही.

"सांगा, मधुकरराव. रॉड का तुटला?"

मला माहीत होतं का तुटला. स्प्रिंग आवळलेली मी सकाळीच जाऊन बघितली होती. बदललेली पुली तिथंच होती. भिंतीवर माझा खडूसुद्धा अजून पुसला नव्हता. मी म्हणालो, "धातू जुना झाला होता. जुना धातू कधी दगा देईल सांगता येत नाही."

खोटं म्हणता येणार नाही असं बोललो. पुतण्यावर आलं नाही, तुमच्यावर आलं नाही, माझ्यावर तर मुळीच आलं नाही. आणि जे कुणावरच येत नाही ते शेवटी दारात उभ्या असलेल्यावर येतं. आबा म्हणाले, "धातू जुना झाला हे फिटरला कळायला नको व्हतं का?" पंचांनी माना हलवल्या. मी कप खाली ठेवला. तुमच्याकडं बघितलं नाही, म्हणून तुमचा चेहरा कसा होता ते मला आजही माहीत नाही.

सोसायटीचं काम गेलं. मग त्या गावातल्या बाकीच्या विहिरींवरची इंजनं गेली, मग आजूबाजूच्या गावांची. इंजन फोडणारा फिटर म्हणून नाव झालं तुमचं. शेड मोडून तुम्ही वरवंडला हायवेवर दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रोजावर लागलात. आठ बोटांनी. अक्का शिरूरला, तुम्ही आठवडाभर तिकडं.

आणि तरी तुम्ही माझ्याकडं येत राहिलात. वरवंडहून दौंड जवळ. महिन्यातून एखादा रविवार तुम्ही माझ्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसायचा, माझी बायको चहा टाकायची, आणि तुम्ही बसल्याबसल्या सुरू.

"तुमची ही वाफेची इंजनं बघ की. केवढा लांब स्ट्रोक! आख्खी गाडी वढून नेतंय. आन् तू म्हनतो लांब स्ट्रोकात जोर न्हाई."

"जोर नाही असं मी कधी म्हणालो? पोट सारखं असेल तर, असं म्हणालो. आणि वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते दाजी, ते वेगळं."

"पुन्हा येगळं. तुजं समदंच येगळं असतं."

मग तुम्ही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर डाव्या हातानं सिलिंडर काढायचा. रेषा वाकड्या यायच्या. एकदा तुम्ही म्हणालात, "मधू, मला एक सांग. हॉर्सपॉवर जास्त म्हंजी इंजन चांगलं, आसं तुज्या पुस्तकात लिवलंय का?" मी म्हणालो, नाही, तसं लिहिलेलं नाही. "मग येक इंजन मिनिटात दुप्पट काम करून दहा वर्सांत मोडतं, दुसरं निम्मं काम करून तीस वर्सं चालतं. जास्त काम कुनी केलं?" मी म्हणालो, दाजी, तुम्ही प्रश्नच बदलला. तुम्ही हसलात. "प्रश्न माजाच व्हता. तूच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत बसला." त्या दिवशी घरी जाताना तुम्ही गाणं गुणगुणत गेलात, असं माझी बायको सांगते.

दर वेळी मला वाटायचं, आज हे बैठकीचं काढतील. आज विचारतील, का नाही बोललास. तुम्ही स्ट्रोकवर बोलायचा, बोअरवर, गव्हर्नरवर, रॉडच्या बोल्टवर, आणि मी प्रत्येक शब्दाला दचकायचो. तुम्ही मला टोचत होता की सोडून देत होता, हे मला कधी कळलं नाही. हळूहळू मला तुमचं येणं नकोसं झालं. हे मी लिहितोय, दाजी. ज्या माणसानं माझा फॉर्म आणला त्याचं पायरीवर येऊन बसणं मला नकोसं झालं. गेल्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हा मी घरातच होतो. मी बायकोला सांगितलं, ड्यूटीवर आहे म्हण. ती बाहेर जाऊन तसं म्हणाली. तुम्ही पाणी प्यालात, पायरीवर थोडं बसलात आणि म्हणालात, "बरं, सांगा त्याला येऊन गेलो म्हनून." मी खिडकीच्या आड उभा राहून ऐकत होतो.

त्यानंतर तुम्ही आला नाहीत. वरवंडच्या वर्कशॉपमध्ये दुपारी छातीत कळ आली, आणि दौंडच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं. निरोप मिळून मी धावत गेलो तेव्हा तुमच्या हातांना अजून तेल होतं.

काल आबा आले होते. वंदना झाल्यावर माणसं दोन शब्द बोलायला लागली, तेव्हा तेही उठले. म्हणाले, "किसनराव म्हंजी इंजनाचा डॉक्टर. असा कारागीर तालुक्यात व्हनार न्हाई. सोसायटीवर त्येंचं लई उपकार हायती."

किसनराव. जिवंतपणी किसन्या, आणि सातव्या दिवशी किसनराव. मला स्वतःचा राव आठवला आणि मी उठलो. मी म्हणालो, "आबा, तुम्ही त्यांना फेरे वाढवायला सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं होतं. रॉड तुटेल हे त्यांनी तुम्हाला आधी सांगितलं होतं. स्प्रिंग तुमच्या पुतण्यानं आवळली. ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली आणि पंचांपुढं बोललो नाही. नट ढिले नव्हते. धातू जुना झाला म्हणून तुटला नव्हता. लांब स्ट्रोकचं इंजन पळवलं म्हणून तुटला."

भंतेजींनी मान खाली घातली. आबांनी उपरणं सारखं केलं. चिडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "मधुकरराव, दुःखात मानूस बोलतो. आता ती गोष्ट काढून काय उपेग? मानूस गेला." आणि अक्काला हात जोडून निघून गेले. त्यांच्या मागं अर्धी माणसं उठली.

मला वाटलं होतं अक्का काहीतरी बोलेल. बरं केलंस म्हणेल, किंवा तोंडावर थुंकेल. ती सगळे जाईपर्यंत बसून राहिली. मग मला म्हणाली, "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"पयल्यापास्नं?"

"हो, अक्का."

"ते मला म्हनले व्हते, मधूला ठाऊक नसंल, न्हाईतर त्यो बोलला असता. त्याला कसं ठाऊक असंल, त्यो दौंडला असतो, असंच म्हनायचे. तीन वर्सं म्हनायचे."

दाजी, दवाखान्यात तुम्हीच तर मला सगळं सांगितलं होतं. ती पुढं म्हणाली, "त्या बैठकीपास्नं ते घरात बोलायचेच न्हाईत रं. शनिवारी यायचे, जेवायचे, भिंतीला टेकून बसायचे. मी काय इचारलं तर हूं नायतर उंहूं. तुज्याकडं जायाचं असलं की त्येवढी दाढी करायचे. म्हनायचे, मधूला आज एक मुद्दा सांगायचा हाय, आज त्येला उत्तर सुचायचं न्हाई."

"कुठला मुद्दा?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "गेल्या महिन्यात तुला सांगायला गेले व्हते. तू ड्यूटीवर व्हतास."